अकरा पिल्लं

वास्कोच्या सड्यावर काळं पुसणं हे रोजचंच.
बंदरात कोळसा उतरला की संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर
तो जिना न चढता वर येतो,
वाळत घातलेल्या पापडांवर बसतो,
माझ्या समईवर, इदालिनाच्या पांढऱ्या पडद्यांवर.
म्हणून कोरफडीच्या पातीवर काळं दिसलं तेव्हा
मी फडकं ओलं केलं आणि बंदराला शिवी घातली.

पण कोळसा कोरडा असतो. बोटांत कुरकुरतो.
हे चिकटलं.

तीस वर्षं चिखलीच्या इस्पितळात
मी रक्ताच्या काचा पाहिल्या.
हिवतापाची अंगठी लाल पेशीत कशी बसते
हे झोपेतही सांगेन.
आणि स्वतःच्या गॅलरीत
नुसत्या रंगावरून निदान केलं होतं!

भिंग आणलं.
पाती पातीला बिलगते त्या खोबणीत कापूस.
कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण,
जत्रेच्या नाटकात रंग लावून
आपल्या प्रवेशाची वाट बघणाऱ्यांसारखे.
त्यांच्या गोड पाझरावर ती काळी बुरशी,
आणि मुंग्या राखणीला,
गवळ्यांनी गुरं राखावीत तशा.

कान कोरायची काडी, स्पिरिट. एकेकाला टिपलं.
पांढरं विरतं, खाली गुलाबी अंग उरतं.
उगाच ओशाळल्यासारखं झालं.
कुंडी उलटी केली तर मुळांनाही पीठ.
माती फेकली, मुळं धुतली,
तीन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर सुकवली,
नेमकं निधनवार्तांचं पान.
नवी कुंडी, जांभ्याचा चुरा, रेती, कडुनिंबाची पेंड.
दर आठवड्याला साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर.
दीड महिन्यात जिंकले.
चार जणींना सांगितलंही.

मग मागच्या कुंडीत, पातीच्या बुडाशी,
काहीतरी फुगलं.
खडबडीत, केशरी, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं.
भिंगात काही नाही. स्पिरिटला दाद नाही.
चिमूटभर काप बाटलीत घालून जुन्या प्रयोगशाळेत गेले.
सुलक्षानं खुर्ची दिली, काही विचारलं नाही.
चाळीसपट. शंभरपट.

होते.
अळीसारखे लांबट, पुढच्या टोकाला चारच पाय,
आपल्या कामात इतके गुंतलेले
की मला, खरं सांगते, जुना आनंद झाला.
सापडलं!
आनंद काच पुसेपर्यंत टिकला.
या कोळीकिडीला घरगुती औषध नाही.
कापायचं, पिशवीत घट्ट बांधायचं,
खतात टाकायचं नाही, सुरी उकळायची.
वाऱ्यावरसुद्धा जाते ती.

आणि त्या कुंडीची अकरा पिल्लं मी वाटली होती.

यादी काढली, पूर्वी तापाच्या घरांची काढायचो तशी.
तळमजल्यावर तारी. दुसऱ्यावर कारापूरकरांची सून,
तिनं दारातूनच कुंडी दिली, वर हसली,
झाडाला कुणी एवढं करतं का, म्हणाली.
शिंपी, दोन शिक्षिका, बंदरातला क्रेनवाला.
नऊ मिळाली.
एक आधीच मेलं होतं, लाडानं, पाणी जास्त झालं.

राहिली इदालिना.
बरोबर माझ्या डोक्यावर तिची गॅलरी.
गाठ होती, नखाएवढी.
तिनं गाठ पाहिली, मग मला.
"मिंगेलचा हात भाजला तेव्हा हिचीच पाती फोडलेली.
तूच दिलेली."
मीच, म्हटलं.

ती आत गेली, मासळीची सुरी घेऊन आली,
माझ्या हातात दिली नाही.
स्वतः कापलं.
"पुरे?"
आणखी एक बोट, म्हटलं.
तिनं दोन कापलं.
उरलेला ठोंब द्यायला मात्र साफ नकार.

आता रविवारी, ती इगर्जीतून आली की,
आम्ही दोघी तो ठोंब बघतो,
भिंग माझं, शिव्या तिच्या.
अजून खात्री नाही.
खाली जहाज लागलेलं असतं,
पातीवर काळं बसलेलं असतं.
फडकं मी मागं लपवते.
आधी बोट लावून बघते.