नाव न सांगण्याच्या अटीवर

रात्रपाळीत दर दोन तासांनी गाड्या मोजायच्या,
मधल्या वेळात शब्द.
सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे कापून ठेवलेत,
एका अंगाला इंग्रजी, दुसऱ्या अंगाला आमची अक्षरं.
बाहेर शेनयांग, उणे बावीस.
केबिनीतला हीटर एकाच पायाला ऊब देतो.

माझी यिफेइ लंडनहून बातम्या लिहिते.
पहिल्या वर्षी मला त्यातलं
तिचं नाव तेवढं वाचता यायचं,
तेही उलटं : आधी ती, मग लुआन घराणं.

एकसष्टाव्या वर्षी बसलो शिकायला.
शाळेत आम्हाला रशियन होतं,
त्यातलं एक 'धन्यवाद' उरलंय
आणि तो म्हणायला समोर माणूस नाही.

बातमीतलं इंग्रजी सरळ चालत नाही.
बाजार उतरत नाही, कोसळतो.
मंत्री बोलत नाहीत, ठणकावतात.
नोकऱ्या जातात तिथं कुऱ्हाड लिहितात,
छोटा शब्द, मथळ्यात मावतो म्हणून.
'अलेजेडली' तीन रात्री घोकला :
चोरी झाली, पण झाली असं म्हणतात बुवा.
हातमोजे घालून वाक्य उचलायची रीत.

'कॅज्युअल्टी' मला अजून पटलेला नाही.
आमच्यात त्याची दोनच अक्षरं, जखम आणि मरण,
शेजारी शेजारी, काही न लपवता.
यांनी मात्र त्याच्या पोटात 'कॅज्युअल' ठेवलाय,
घरी घालायच्या सदऱ्याला म्हणतात तो.
यिफेइ म्हणाली, बाबा, शब्द असे फोडायचे नसतात.
पण मी टर्नर माणूस. एकवीस वर्षं लेथवर.
हातात आलेलं उघडून बघितल्याशिवाय
मला झोप लागत नाही.

गोठून काळी पडलेली नासपती
आम्ही गार पाण्यात सोडतो. गरम पाण्याची घाई केली
तर साल फाटते.
तासाभरात आतला गारठा बाहेर येऊन
तिच्याभोवती बर्फाचं कवच धरतो,
ते टिचकीनं फोडायचं. मग रस.
काही शब्द असे सुटले.
काही अजून पाण्यात आहेत.

नोव्हेंबरात फोन आला.
मी कोबी माठात दाबत होतो, हात मिठाचे.
तिच्या कचेरीतली कुणी बाई
बंद पडलेल्या कारखान्यांवर लिहीत होती,
मध्ये दुभाषी यिफेइ.
विचारलं, शेवटचा दिवस कसा होता?
आलं तोंडात ते सांगितलं.
नाव घालायचं का?
म्हटलं नको. आडनाव तुझंही तेच आहे.

ती बातमी काल रात्री उघडली.
आमचा व्हॉल्व्ह कारखाना त्यात 'शटर्ड'.
म्हणजे शटर ओढलं, झालं.
आमचा शब्द वेगळा, पहाऱ्यावरून खाली उतरणं,
आणि त्यातलं 'पहारा' लिहिताना
अक्षराच्या डोक्यावर डोंगर काढावा लागतो.

चौथ्या परिच्छेदात एक माजी कामगार बोलतो,
नाव न सांगण्याच्या अटीवर.
हा पुठ्ठा मी पंधरा दिवस घोकला होता.
वाटायचं, असा असतो तरी कोण?
कुणी बडा अधिकारी,
गाडीच्या काचा वर करून कुजबुजणारा.

वाक्य माझं होतं.
त्यातले चार शब्द मला येत नव्हते.

तीन सापडले लगेच :
वंगण, पाळी, गंज.
मी म्हणालो होतो, निघताना लेथला तेल घातलं,
कुणी नेलाच तर यंत्र चांगलं निघावं.
एवढंच. साधं.

चौथा लांबलचक. 'मेटिक्युलसली'.
कोशात बघितलं : बारीकसारीक जपून, काही न चुकवता.
हे मी बोललोच नव्हतो.
फोनवरचं बोलणं शब्दन् शब्द आठवतंय मला,
त्यात हे कुठंच नाही.
हा तिनं घातला.

सहा वर्षांची होती तेव्हा
फाटकापाशी डबा घेऊन उभी राहायची,
आत बघायची. मला वाटायचं,
तिला नुसती भूक लागलीय.

चार वाजले. गाड्या त्रेसष्ट.
नवा पुठ्ठा कापून एका अंगाला तो शब्द लिहिलाय, अडखळत.
मागच्या अंगाला काय लिहावं
ते ठरत नाहीये.