अर्धं पेर

रात्री साडेनऊला मी परीक्षक होतो.
अंगावरची हळद धुऊन, केस विंचरून
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतो.
समोर सुपर्णा. मध्ये मोबाईल, त्यात पळतं घड्याळ.

प्रश्न तिनंच लिहून दिलेत, देवनागरीत,
मिरजेच्या दवाखान्यातून आणलेल्या
सलाईनच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर.
'डू यू वर्क ऑर आर यू अ स्टुडंट?'
मी एकेक अक्षर वाचतो,
जसं पोत्यावरचं नाव वाचावं :
कुणाचं, कुठल्या गावचं.
आत काय भरलंय ते मला ठाऊक नसतं.
तिनं बजावलंय, "पप्पा, हसू नका, मान हलवू नका,
तिथला माणूस हलवत नाही."
म्हणून मी मान धरून बसतो
लग्नातल्या फोटोला बसलो होतो तसा.

काल पुठ्ठा निघाला नदीचा.
एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोलणं.
ती बोलली. मला त्यातलं कृष्णा कळलं,
आयर्विन कळलं, ब्यूटिफुल तर तीनदा आलं.
दोन मिनिटं झाली, मी पेनानं टक् केलं.
मग मराठीत विचारलं,
"आणि माळ्यावर काढलेल्या त्या चार रात्री?
खाली फ्रिज तरंगत होता,
तू बिस्किटं मोजून वाटत होतीस?"
म्हणाली, "पुराला शब्द आहे, पप्पा.
पाणी उतरल्यावर आलेल्या वासाला नाही.
शोधत बसले तर अडखळते,
अडखळलं की मार्क जातात."

मी तोलाईदार. मार्केट यार्डात एकतीस वर्षं
काट्यासमोर उभा.
नवा होतो तेव्हा भाव रुमालाखाली ठरायचे.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर मळका टॉवेल,
बोटं दाबायची, तोंडं दगडाची.
तिथं जो बोलला तो बुडाला.
माझी पोर गप्प राहिली की बुडते,
आणि फी आधीच भरलेली असते.

निकाल आला तेव्हा मी काट्यावर होतो.
ती थेट यार्डात आली, ड्यूटीचे पांढरे बूट पिवळे करत.
लिलावाचा गलका, हमालांचं 'बाजूला, बाजूला'.
ही काही बोलेना.
मी खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला,
खालून हात धरला.
लहानपणी खेळ म्हणून शिकवलेलं, विसरली नव्हती.
पाच बोटं एकदम.
मग एक.
मग थांबली,
आणि माझ्या करंगळीचं एकच पेर,
तेही अर्धं, दाबलं.

साडेसहा.
आयर्लंडवाल्यांना बोलण्यात सात लागतात.

अर्ध्याची तूट मी रोज लिहितो.
ओल, माती, पोत्याचं वजन,
आमच्याकडं तुटीला नाव असतं, रकाना असतो.
हिच्या कागदावर नुसता आकडा.
कुठं सांडलं ते कुणी लिहिलेलं नाही.
"दोन महिने जाऊ दे की," म्हटलं.
तिनं तारीख आधीच घेतली होती.

आज परत स्टूल, परत पुठ्ठे.
कडा मऊ पडल्यात, एकावर चहाचा गोल उठलाय.
पहिला प्रश्न मला पाठ आहे, न बघता विचारतो,
'व्हेअर आर यू फ्रॉम?'
एवढ्याचा अर्थ मला आता कळतो.
पूर्वी ती पटकन सांगायची.
हल्ली जरा वेळ लावते.
मी मान हलवत नाही.
घड्याळ पळतंय.