बाक

रेसकोर्स रोडवरच्या कोर्टात
आमच्या बाजूचा बाक बारा जणांचा आहे.
त्यावर एक टॉवेल, बर्फाचा डबा,
मुंगीचा चष्मा आणि मी.
कधीकधी मुंगी स्वतः,
पोटरी वळली की.

सातच जण आम्ही.
मंसूरीच्या घरी लग्न, म्हणजे सहा.
सगळ्यांत उंच निनाद पागे,
पाच फूट अकरा,
बूट धरून.

महूच्या संघाचे तिघे रिंगखाली उभे राहिले
की आमच्याकडे दुपारीच संध्याकाळ होते.
चेंडू रिंगला लागून उडतो, आम्ही माना वर करतो,
कटलेल्या पतंगाकडे पोरं बघतात तशा,
आणि तो त्यांच्या हातात उतरतो
माहेरी आल्यासारखा.
पाठ लावून अडवा रे, मी ओरडतो.
पण बोरीच्या झुडपाने वडाला
पाठ लावून अडवायचं किती?

तेव्हापासून मला खोड लागली आहे.
लग्नाला गेलो की नवरदेव बघत नाही,
मंडपाची झालर स्टुलाशिवाय कोण बांधतो ते बघतो.
बायको म्हणते, लोकांच्या पोरांकडे
इतकं वर बघू नका, मानेला पट्टा लागेल.
लागला. दोन आठवडे.

देवीसिंग असाच सापडला,
छावणीच्या धान्यमंडीत.
सोयाबीनच्या थप्पीवर शेवटचं पोतं
तो फळीवर न चढता
जमिनीवरूनच सरकवत होता.
सहा फूट चार.
आधी नजरेने मोजलं, मग सुताराच्या टेपने;
तो मुकाट उभा राहिला, गुरासारखा नाही,
शिंप्याकडे उभं राहतात तसा.
फक्त पाठीला बाक होता,
नव्वद-नव्वद किलोंचा.

तीन दिवस पहाटे आला.
तेरा नंबरचे बूट इंदूरभर मिळेनात,
अनवाणीच खेळला.
पिव्हट शिकवला : एक पाय खिळलेला ठेवायचा,
दुसऱ्याने फिरून सगळं बघून घ्यायचं.
"साब, ये तो आता है," म्हणाला,
"ट्रक पे बोरी ऐसे ई घुमाते हैं."
रिबाउंडला तो उडालाच नाही, नुसता हात वर केला,
चेंडू त्यात येऊन बसला.
सहाही जण गप्प.
मुंगीने हात जोडले, रिंगला की त्याला, कळलं नाही.
मग त्यानेच मुंगीला दाखवलं :
वजन कमरेवर घ्यायचं, पाठीवर नाही,
पाठीवर घेतलं की माझ्यासारखं होतं.

चौथ्या पहाटे विचारलं,
"भिया, इसमें मिलता क्या है?"
टीशर्ट, मी म्हणालो. आणि येण्याजाण्याचं भाडं.
तो हसला नाही, ते बरं वाटलं.
दिवाळीआधी मंडीत आवक वाढते.
पोत्यामागे किती पडतात ते त्याने सांगितलं.
एक सामना म्हणजे साठ पोती,
मी मनात हिशेब केला
आणि त्याला चहा पाजला.

आज उपांत्य फेरी. पागेचे पाच फाउल झाले
तिसऱ्या क्वार्टरला,
आणि सहा मिनिटं उरली असताना केतन सोनगराचे.
टेबलावरून विचारतात : बदली?
मी बाकाकडे बघतो.
पागे टॉवेलखाली तोंड घालून बसलाय,
केतन बर्फ चघळतोय.

आत चार जण.
नियम सांगतो, दोघे उरेपर्यंत
सामना चालू राहतो.
नियम लिहिणारा कधीतरी
अशाच बाकावर बसला असणार.

अठरा गुणांनी मागे आहोत.
चष्म्याशिवायचा मुंगी
रिंगखाली शिरलाय, महूच्या सहा-पाचवाल्यापुढे.
गुडघ्यात वाकतो,
कमर लावतो,
आडनावाला जागतो.

सहा-पाचवाला मागे सरकतो,
अर्धं पाऊल.
चेंडू तरी त्यालाच मिळतो.

मी वहीत लिहून ठेवतो : अर्धं.