लाभ, दोन, तीन

मापारी हे आडनाव मला सासरकडून मिळालं,
आणि त्याच्यासोबत बुडाला चेपलेली एक लोखंडी अधोली.
आजेसासरे खळ्यावर धान्य मापायचे.
पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत,
लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन.
मोजणीच्या आधी इच्छा.
मी उगावच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते
आणि पहिल्या तासाला फळ्यावर एक लिहिते.
नुसता एक.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की पेपरात आकडा येतो.
गाव मात्र थंडी शब्दांत मोजतं:
बोचरी, कडाक्याची, मरणाची,
आणि "यंदासारखी कधीच नव्हती",
जी दरवर्षी असते.
द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून
पहाटे बागेबागेतून शेकोट्या पेटतात.
ओल्या पाल्याचा धूर ओळींतून रांगत जातो.

तृप्ती पानगव्हाणेने विचारलं,
"बाई, धुराने बागेला खरंच ऊब मिळते?"
मला माहीत नाही, म्हटलं.
वर्ग हसला.
बाईंनाच माहीत नाही म्हणजे आज तास लवकर सुटणार.

कपाटात दोन थर्मामीटर होते.
एक शेकोटीच्या ओळीत, एक लांब विहिरीकडच्या ओळीत,
बांबूला सुतळीने, घडांच्या उंचीवर बांधले.
पहाटे पाचला तृप्ती आणि तिचा चुलतभाऊ सोपान,
एक टॉर्च, एक वही.
पहिल्या दिवशी धुरात सात, विहिरीकडे सहा.
सोपान शाळेत धावतच आला,
"एक अंशाने जास्त, बाई! शेकोटी पास!"
त्याच्या तोंडातला तो एक
माझ्या ओळखीचा निघाला.
तो लाभ होता.

आता इकडचा तिकडे बांधा, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी धुरात सहा, विहिरीकडे सात.
सोपान बराच वेळ वहीकडे बघत राहिला.
मग सोड्याच्या गाडीवरून बर्फ आणला,
वितळत्या बर्फात दोघांना शेजारी शेजारी उभं केलं.
एक म्हणाला शून्य, दुसरा म्हणाला एक.
"म्हणजे हा खोटारडा!"
खोटारडा नाही रे, चढवून सांगतो,
आणि रोज तेवढंच चढवतो.
अशा माणसाबरोबर राहता येतं,
फक्त दरवेळी वजाबाकी करावी लागते.
(मी एकवीस वर्षं करते आहे.)

मग पुन्हा पहिल्यापासून, दहा पहाटा.
सोपान उंच, तो वरून बघायचा,
त्याचा आकडा तृप्तीशी जुळेना.
शेवटी दोघंही उकिडवे बसू लागले,
डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून, श्वास रोखून,
कारण वाफेनेही काच फसते.
चौथ्या दिवशी तृप्तीला जाग आली नाही.
"साडेसहा टाकून दे, कोण बघतंय?"
तिने टाकला नाही.
तो चौकोन वहीत अजून रिकामा आहे,
आणि सगळ्या पानात मला तोच जास्त आवडतो.

सरासरीत फरक निघाला पाव अंश.
थर्मामीटरवर दोन रेघांत अंतर अख्ख्या अंशाचं.
पाव अंश बागेत होता की आमच्या डोळ्यांत,
ते काही सांगता येईना.
तृप्तीने लिहिलं: शेकोटीचा उपयोग नाही.
मी खोडलं. एवढं कुठे कळलं आपल्याला?
एक बाग, नऊ पहाटा, ही दोन यंत्रं.
तिने पेन चावला, मग लिहिलं,
आम्हाला फरक दिसला नाही.
आणि खाली बारीक अक्षरात:
वारा मोजायचा राहिला.

तिच्या वडिलांनी, केदूभाऊंनी, वही उलटसुलट पाहिली
आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा शेकोटी पेटवली.
त्या दिवशी मीही गेले होते.
"बागेला नसंल लागत," हात शेकत ते म्हणाले,
"मला लागती ना."
हे मोजायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.
मग जरा थांबून, लांबच्या बांबूकडे मान करून,
"तृप्ते, आत्ता किती गं?"

ती उकिडवी बसली.
टॉर्च धरला.
आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.