हिरवी फाईल

एकोणतीस वर्षं मी ह्या विभागात टायपिस्ट आहे
आणि जर्मन मला येत नाही.
नव्या विद्यार्थ्याला हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते,
म्हणजे तो सरावासाठी माझं डोकं खात नाही.

येतात ते नियम विचारायला.
नियम तोंडपाठ आहेत मला.
नव्वद श्रेयांक. आठशे वर्षांपूर्वीची जर्मन एक सत्र,
तिच्याहून जुनी आणखी एक.
जर्मनखेरीज दोन भाषा, वाचता येण्यापुरत्या
(शब्दकोश चालतो, शेजारी बसलेला मित्र चालत नाही).
चार वर्षं सकाळी आठ वाजता
झोपाळू पोरांना तीन लिंगं शिकवायची,
मुलगी नपुंसकलिंगी कशी, असं कुणी विचारलं
तर खिडकीबाहेर बघायचं.
मग यादीतली एकशेवीस पुस्तकं,
तीन दिवस लेखी, दोन तास तोंडी,
प्रबंध, पाच सह्या,
आणि डावीकडे दीड इंच समास.
समासाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.
डॉक्टर ब्राँटसुद्धा जरा वचकून असतात
ते त्या दीड इंचामुळे.

किट ओस्टरगार्डची फाईल
सात वर्षं माझ्या दुसऱ्या खणात होती.
डॅनिश पास, ती घरचीच.
लॅटिन दोनदा नापास, तिसऱ्यांदा कशीबशी.
विषय: इथल्याच, नेब्रास्कातल्या एका शेतावरची पत्रं,
बुटांच्या खोक्यात सापडलेली.
अक्षर म्हणजे काटेरी तारेचं कुंपण.

नोव्हेंबरात ती आली, ओल्या बुटांनी, कुठलाच फॉर्म न मागता.
"एका शब्दाशी अडलेय, व्हर्ना.
उलेनफ्लुख्ट.
कोश म्हणतो, छपराखालचं भोक, घुबडं आत शिरतात ते.
पण ही बाई लिहिते, 'उलेनफ्लुख्टला ये, मी पंपापाशी असेन.'
भोकाला कुणी कसं येईल?
ब्राँट म्हणतात, तिची चूक झाली असेल लिहिताना."

माझी बोटं की-बोर्डवर तशीच राहिली.

गोठ्याचं दार. वडील दुधाची बादली खाली ठेवतात,
पश्चिमेला बघतात, पुटपुटतात.
माणूस ओळखू येतो पण चेहरा नाही, एवढाच उजेड.
आई अजून कंदील पेटवत नाही,
तेल वाचवायचं म्हणून, आणि नुसतंच.

"ती वेळ आहे," मी म्हटलं.
"दिवेलागणीच्या जरा आधीची.
घुबडं निघतात तेव्हाची."

किट खुर्चीत बसली. "तुम्हाला तर जर्मन येत नाही!"
नाहीच येत.
वडील शाळेत होते तेव्हा युद्ध चालू होतं,
त्या भाषेतला एक शब्द काढला की हातावर छडी.
पुढे ते आमच्याशी इंग्रजीतच बोलले,
बाकीचं सगळं गुरांशी.
मी गोठ्यात होते, इतकंच.
ते जर्मन होतं असं मला कधी वाटलंच नाही.

"आणि लिंग?" तिने पेन्सिल काढली होती.
"पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?"

फेब्रुवारीत तिची तोंडी झाली. पाच सह्या मिळाल्या,
ब्राँटनी माझ्यासाठी केकचा तुकडा राखून ठेवला.
पान दोनशे चौदा, तळटीप सहा:
"तोंडी माहिती, व्ही. हार्म्स, विभाग कार्यालय."
ती मीच टाईप केली.
ओळ समासात दोन अक्षरं घुसत होती.
घुसू दिली.

शेवटी शब्दांची सूची आहे, प्रत्येकापुढे लिंग.
त्या एका शब्दापुढे तिने जागा कोरी सोडलीय.
मी त्या दिवशी जे सांगितलं, त्यावर तिला दुसरं करता येण्यासारखं नव्हतं:

माहीत नाही गं.
आमच्याकडे ती नुसती व्हायची.