साठ वॅटचा दिवा

उद्यमबागेतल्या आमच्या लॅबमध्ये
एक दिवा आहे, तो कधीच पेटत नाही.
साठ वॅटचा, तारेचा, पिवळा.
बाजारातून उठला केव्हाच,
पण फ्लिकरमीटरच्या पोटात गणित होऊन राहिलाय:
दाब इतका ढळला तर त्याची तार किती मंदावेल,
बघणारा डोळा किती वैतागेल,
आणि डोळ्यामागचा माणूस ते किती वेळ विसरणार नाही.
मानकात सगळं आहे. माणूससुद्धा.
फक्त नाव नाही त्याला.

भरमा मुचंडीकर खासबागेतून मोपेडवर आला.
साडीच्या चिंधीत गुंडाळलेला ड्राइव्ह,
मागाच्या मोटरीसाठी, रात्री जागून स्वतः जुळवलेला.
सकाळभर आम्ही त्याला छळून घेतलं.
ठिणगीची पिस्तूल टेकवली, आठ हजार व्होल्ट,
वाळक्या हवेत लोकरीला हात लावल्यासारखी.
मध्येच वीज तोडली, जोडली, अर्धीच दिली.
ढिम्म. एक आकडा हलला नाही.
सोसणं येतं त्याला.
सोसायला लावणं मोजायचं राहिलं होतं.

"माझा माग झकास चालतोय की," भरमा म्हणाला,
"मग अजून काय बघालाय?"
श्रीशैल होसमनी वायरी आवळत होता,
ओंदु, एरडु, मूरु, तोंडातल्या तोंडात.
वर न बघता बोलला,
"तुझ्या मागाला कोण विचारतंय रे?
शेजारणीचं विचारालोय."

मध्ये एक पेटी ठेवतो आम्ही, ठरावीक रोधाची.
गल्लीतल्या तारेची नक्कल ती.
पलीकडं कुणीतरी राहतं असं धरून चालायचं.
मग दहा मिनिटं.
दहा मिनिटांत चहा येतो,
खिडकीबाहेर फाउंड्रीची भट्टी धुमसते,
आणि तो न पेटणारा दिवा
मोटर उठली की दचकतो, बसली की दचकतो.

एक पूर्णांक चौदा.
"एक म्हणजे किती?"
"एक म्हणजे शंभरातल्या पन्नासांना त्रास."
"मग पन्नासांना नाही."
हिशेबात पक्का आहे भरमा.
मी विचारलं, मल्लव्वा कुठल्या पन्नासात?
त्यानं अंगठ्यावर वाळलेलं सोल्डर खरवडलं
आणि बराच वेळ तेच करत बसला.

कुठल्याशा थंड गावात, बंद खोलीत,
माणसं दिव्याखाली बसली असणार कधीतरी,
"आता", "आत्ता", "परत" म्हणत.
त्यांच्या कपाळाच्या आठ्यांतून ही रेघ निघाली.
पदराचे गोंडे वळणारं कुणी
बहुतेक नसावं त्यांत.

पुढच्या आठवड्यात ड्राइव्ह परत आला,
मोटर आता हळू उठत होती,
झोपलेल्या घरातून पहाटे निघणाऱ्या माणसासारखी.
शून्य पूर्णांक त्र्याऐंशी.
शिक्का मारला. भरमानं पेढे आणले.

रविवारी मी खासबागेत गेले, कामाशिवाय.
मल्लव्वाच्या खोलीत, खरोखरच, तो होता.
साठ वॅटचा. पेटलेला.
कुणी नातेवाइकानं बंद दुकानातून खोकंभर आणून दिलेले,
त्यातले आता दोन उरलेत.
मांडीवर साडीचा पदर, दातांत दोरा.
"आता बरं आहे ना? लुकलुकत नाही ना?"
तिनं दोरा काढला तोंडातून.
"नाही बाई. गप असतोय."
मग म्हणाली,
"पहिलं कळायचं. दिवा हलला की
भरमा आला, माग लावला.
दोनदा हलला की जेवायला उठला.
त्याची आई गेली त्या दिवशी
दिवसभर हलला नाही, तेव्हाच मला...
आता तो आत आहे काय नाही,
गोत्तिल्ल."

अहवालाच्या शेवटी शेरा म्हणून एक रकाना असतो.
मी त्यात 'निरंक' लिहिलं होतं.

भिंतीपलीकडं माग चालू होता की नव्हता,
मी दिव्याकडं बघत राहिले.
डोळ्यांत पाणी येईतो एकटक.
तसाच. पिवळा. स्थिर.