टांगणी

शिडी धरायची, एवढंच माझं काम.
वरती आयलीन ब्रॅथवेट, वय एकाहत्तर,
खिशात सुतळी, कानामागे पेन्सिल.
खाली मी, सतरा वर्षांचा, केल्डबेक नगरपालिकेचा उन्हाळी नोकर,
फुलाचं नाव विचारलं तर 'निळं' म्हणणारा.

तारेच्या परडीत आधी लोकर.
इथल्याच मेंढ्यांची, कुणी विकत न घेतलेली,
लेंड्या अजून चिकटलेली.
"शेवाळ विकत आणतात, गाढव," ती म्हणायची,
"डोंगरभर लोकर सडत असताना."
मग लोबेलियाचं एकेक रोप कागदात गुंडाळून
तारांच्या फटीतून आतून बाहेर, डोकं आधी,
सुईणीच्या हातानं.
मधोमध फुशिया, काठाला पेटुनिया,
तळाशी एक फुटकी बशी,
पाणी घटकाभर थांबावं म्हणून.

"लोंबायचं असेल
तर आधी खुडून घ्यावं लागतं," म्हणाली,
आणि नखानं शेंडे तोडत गेली
न बघता, मटार सोलावेत तशी.
मला वाटलं, काय निर्दय बाई.

मेची वीस उलटल्यावरच बाहेर; त्याआधीचं दंव दगा देतं.
चौतीस परड्या, बाजारगल्लीच्या दोन्ही अंगांना.
पहाटे पाचला टाकीची गाडी, लांब दांड्याची नळी,
तळातून ठिबकेपर्यंत प्रत्येकीला दीड मिनिट.
वाऱ्यावर लटकणाऱ्याला जमिनीची ओल ठाऊक नसते.
जे यायचं ते वरून,
आणि रोज.

जूनच्या मध्यावर बावीस नंबरमधून, पोस्टाच्या दारावर,
एक रॉबिन भुर्रकन उडाला.
मी नळी वळवली. आयलीन चढली.
बराच वेळ वरून काही बोलली नाही.
मग पाच बोटं दाखवली.

परीक्षक येणार होते जुलैच्या नऊला.
मागच्या साली दोन गुणांनी हरलो होतो,
तेही कर्कहोमकडून,
आणि मेयर टर्नबुलसाहेबांना ते अजून पचलं नव्हतं.
"घरटं हलवा."
"तुम्ही हलून दाखवा," आयलीन म्हणाली.
पाच अंडी टांगणीला, साहेबांचा जीवही.

बावीसची नळी बंद.
ती रोज शिडीवर, हातात चहाची किटली,
चमच्या-चमच्यानं पाणी, तेही फक्त रस्त्याकडच्या काठाला.
अर्धी परडी तगली. अर्धी करपली.
लोबेलिया आधी गेला, तो नेहमीच आधी जातो,
निळ्याचा तपकिरी, तपकिरीचा भुसा.

परीक्षक आले, गळ्यात चष्मे, हातात वह्या.
बावीसपाशी थबकून एक बाई म्हणाली,
"ही वाळलीय."
"हो," आयलीन म्हणाली.
कारण सांगितलं असतं तर माना उंचावल्या असत्या,
कॅमेरे निघाले असते.
मी शिडी धरून होतो. तोंडही.

एका गुणानं हरलो.

सप्टेंबरात परड्या उतरवल्या.
बावीसच्या मागच्या बाजूला मुठीएवढं भोक:
रॉबिननं अस्तराची लोकर उपसून
घरट्यात अंथरली होती,
आणि आमचं चमचाभर पाणीही
बहुधा तिथूनच गळत होतं.
आत एक अंडं, न उबलेलं, पिसाहून हलकं.

आयलीननं ते लोकरीत गुंडाळून खिशात टाकलं,
सुतळीशेजारी.
"बघ," म्हणाली, "लोकरीला गिऱ्हाईक निघालं."

आणि तेवीसखाली शिडी लावायला सांगितली.